लाल टिकलीची टाकी

आमच्या प्रयोगशाळेत दोन झाडू होते आणि त्यांची कधी गाठ पडत नसे. एकाच्या दांड्यावर हिरवी टिकली, दुसऱ्याच्या दांड्यावर लाल. जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली होती. हिरवा झाडू पट्टीपर्यंत यायचा आणि थांबायचा. पलीकडचा कचरा लाल झाडूने काढायचा. बाहेरचा माणूस बघून हसायचा. पहिला महिनाभर आम्हीही हसलो, मग सवय झाली.

कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आम्ही मूलपेशींवर काम करायचो. शरीराचा कुठलाही भाग ज्यांच्यापासून घडू शकतो अशा ह्या पेशी. त्यातल्या सगळ्यात कामाच्या पेशी चार-पाच दिवसांच्या भ्रूणातून मिळतात, आणि त्या काढून घेतल्या की भ्रूण उरत नाही. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांकडे कधी कधी जास्तीचे भ्रूण राहतात. त्यांनी राजीखुशीने दिले तर ते आमच्याकडे यायचे. सरकारचं म्हणणं असं, की लोकांच्या कराच्या पैशाने भ्रूणाला हात लागता कामा नये. कुणाच्या खासगी देणगीतून करत असाल तर करा, आम्ही अडवणार नाही. पण सरकारी पैशातून आलेलं सूक्ष्मदर्शक, खुर्ची, टाचणी, काहीही त्या कामाला वापरलंत तर संस्थेचं सगळं अनुदान बंद. म्हणून एका प्रयोगशाळेच्या दोन खोल्या झाल्या. हिरवी खोली सरकारी, लाल खोली देणगीची. आणि दोन्हीकडच्या प्रत्येक वस्तूवर त्या त्या रंगाची गोल चिठ्ठी, तिलाच आम्ही टिकली म्हणायचो.

टिकल्या लावायचं काम ज्यांच्याकडे आलं ते आमचे मामा. कुणाचे मामा, ते कुणाला माहीत नव्हतं. टिकल्यांचं काम आल्यावर ते टिकलीमामा झाले. उंच, किडकिडीत, चालताना थोडे पुढे वाकलेले. आमच्याकडे यायच्या आधी सतरा वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते आणि डाव्या करंगळीचं एक पेर तिथेच ठेवून आले होते. थंडीशी त्यांची जुनी ओळख, म्हणून आमच्या टाक्या त्यांच्या ताब्यात दिल्या. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. त्यांचा पगारही दोन तुकड्यांत यायचा: दुपारी एकपर्यंत ते सरकारचे, दोनपासून देणगीदारांचे. शर्टाला दोन खिसे आणि दोन खिशांत दोन पेनं. एकदा सकाळी अकराला मी त्यांना लाल खोलीतून एक डबी आणायला सांगितली, तर म्हणाले, "बाई, मी आत्ता सरकारचा आहे." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी डबी आणली नाही.

दोन खोल्यांमधल्या बोळातल्या दिव्याचा किस्सा तर अजून लोक सांगतात. त्या दिव्याचा उजेड पट्टीच्या दोन्ही बाजूंना पडायचा. मग त्याला कोणती टिकली? मामांनी रीतसर खात्याला पत्र लिहून विचारलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे. तोवर मामांनी दिवा लावू दिला नाही आणि आम्ही शहाणीसुरती शिकलेली माणसं बोळात ठेचकाळत राहिलो. मी चिडून म्हटलं, "मामा, कोण बघायला येतंय?" ते म्हणाले, "बाई, मी इथेच असतो की."

मला त्यांचा राग यायचा, हे लपवत नाही. मी लाल खोलीची प्रमुख होते. सहा वर्षं त्या खोलीत घातली होती आणि ह्या माणसाच्या काटेकोरपणामुळे रोजची दहा कामं अडायची. पण त्यांच्यामुळेच मी निर्धास्तही असायचे. नोंदवहीत त्यांनी लिहिलेला आकडा मी कधी दुसऱ्यांदा तपासला नाही.

आता त्या टाकीचं सांगते. लाल खोलीत एक टाकी होती, कंबरेएवढी उंच, गळा अरुंद, दुधाच्या मोठ्या कॅनसारखी. तिच्यात द्रवरूप नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या बारीक नळ्यांत भ्रूण गोठवून ठेवलेले. नायट्रोजन आपोआप उडून जात राहतो, म्हणून दर आठवड्याला भर घालायची. मामा लांब काठी आत बुडवून बाहेर काढायचे, हवेत हलवायचे, आणि काठीवर जिथपर्यंत पांढरं दव धरायचं ती पातळी. चार बोटांच्या खाली गेली की नळ्या उघड्या पडायला लागतात. थर्मासला असते तशी टाकीच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, ती त्या वर्षी कुठेतरी गळायला लागली होती. गळ्याला बाहेरून पांढरं धरायचं, आणि बाहेर पांढरं दिसणं म्हणजे आतली थंडी बाहेर पळतेय. नवी टाकी मागितली होती. देणगीदार म्हणाले, कायदा बदलायचं घाटतंय, आधी त्याचं काय ते ठरू दे.

आणि त्या टाकीत मामांच्या लेकीचे तीन भ्रूण होते.

हे मला फार उशिरा कळलं, पण तुमच्यापासून कशाला लपवू. मामांची एकुलती एक मुलगी, वय एकोणचाळीस. आई लहानपणीच गेलेली, बापाने वाढवलेली. मूल व्हावं म्हणून तिने दोनदा उपचार घेतले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. खचून नवराबायकोने उरलेले तीन भ्रूण संशोधनाला देऊन टाकले. सही केली आणि महिन्याभरात तिचं मन फिरलं. आमच्या नियमात सहा महिने विचाराला असतात; तेवढ्यात अर्ज केला तर भ्रूण परत मिळतात. तिने अर्ज केला, तो मंजूर झाला, पुढच्या गुरुवारी इस्पितळाचा माणूस येऊन ते घेऊन जाणार होता. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुझ्या शरीरातून आता नवीन काही मिळणार नाही, आहेत ते हे तीनच. आमच्याकडे दात्यांची नावं नसतात, नुसते आकडे असतात, आणि कुणाचे आहेत हे माहीत असलं तरी उच्चारायचं नाही असा नियम. मामांना आकडा माहीत होता. त्यांनी नियम पाळला.

त्याच सुमारास कायदा बदलायची चर्चा पेटली. सरकारी पैसा भ्रूणसंशोधनाला द्यावा की नाही, ह्यावर समितीपुढे सुनावण्या सुरू झाल्या आणि आमच्या फाटकासमोर माणसं येऊन बसायला लागली. आधी पाच-सात, मग पन्नास, मग मोजायचं सोडून दिलं. सगळेच आरडाओरडा करणारे नव्हते. एक निवृत्त शिक्षिका रोज घडीची खुर्ची घेऊन यायच्या आणि शांत बसायच्या. एकदा त्यांनी मामांना अडवून विचारलं, "भाऊ, आत किती आहेत हो?"

"दोनशे चौदा," मामा म्हणाले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "थंडी वाजत असेल हो त्यांना," त्या म्हणाल्या. मामांना ते लागलं. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकावर भिंतभर फलक लागला, त्यावर नुसता आकडा: दोनशे चौदा. खाली आम्हा सहा कर्मचाऱ्यांची नावं आणि राहायचे पत्ते. त्याच आठवड्यात आमच्या एका तंत्रज्ञाच्या दारावर कुणीतरी लाल रंग ओतला; त्याची बायको पोरांना घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी मामांवर ओरडले, "कशाला सांगितलंत?" ते म्हणाले, "विचारलं म्हणून." आभाळ अंगावर येतंय असं मला तेव्हापासून वाटायला लागलं होतं.

तो मंगळवार होता. तिसरी सुनावणी होती आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला समितीच्या दालनात बसले होते, फोन बंद करून. खुर्चीला खिळलेला एक तरुण कण्याच्या दुखापतीबद्दल बोलत होता, अर्धी माणसं डोळे पुसत होती, उरलेली अर्धी खाली बघत होती. इकडे सकाळी नऊला मामांनी काचेतून लाल खोलीत नजर टाकली. टाकीच्या गळ्याला पांढऱ्याचा जाड थर होता, आदल्या दिवसापेक्षा दुप्पट. गळती एकदम वाढली होती. आमचा नायट्रोजनवाला टेम्पो फाटकापर्यंत आला होता आणि लोक त्याच्यापुढे आडवे झोपले होते. सरकारी गाडी मात्र पोलिसांच्या सोबतीने मागच्या दाराने आत आली. हिरव्या खोलीच्या टाक्या काठोकाठ भरल्या.

मामांनी मला अकरा वेळा फोन लावला. एकपर्यंत ते सरकारचे होते, म्हणून लाल खोलीत शिरले नाहीत. चार तास काचेतून बघत उभे राहिले. एकला हात धुतले, डबा उघडला नाही, आणि दोनचे ठोके पडल्यावर आत जाऊन काठी बुडवली. दोन बोटं. फाटकातून टेम्पो हलायचं चिन्ह नव्हतं. मग त्यांनी हिरव्या खोलीतून भरलेला कॅन उचलला, पिवळी पट्टी ओलांडली आणि ओतला.

मी चारला पोचले तेव्हा ते बोळात उभे होते. "बाई, सरकारचं ओतलं," म्हणाले. "टाकी कोरडी पडत होती."

माझा जीव आधी भांड्यात पडला. भ्रूण वाचले होते. मग उद्याची तारीख आठवली. उद्या तपासणी होती. मी म्हटलं, "मामा, बरं केलंत. आणि आता गप्प बसा. नायट्रोजन हवेत उडून जातो, त्याच्यावर कुणाची टिकली नसते. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"वहीत लिहिलंय मी."

मी वही ओढली. स्वच्छ अक्षरात, लाल खोलीच्या पेनाने: दुपारी दोन वाजून सहा मिनिटे, सरकारी साठ्यातून साडेसात लिटर, टाकी रिकामी होत असल्याने. खाली सही. पानांना छापील क्रमांक होते आणि वही शिवलेली होती. तरी पान फाडता आलं असतं, चहा सांडता आला असता, वही हरवली म्हणून सांगता आलं असतं. मी वही मिटून जागेवर ठेवली. पुढे कित्येक दिवस मी ह्याला प्रामाणिकपणा म्हणत होते. खरं सांगायचं तर मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. गोड बोलणारा गृहस्थ. आल्या आल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. वही चाळता चाळता त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, "साहेब, साडेसात लिटर. त्यात तुमचं काय गेलं?"

"काहीच नाही हो," ते म्हणाले. "पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

संध्याकाळी पाचला लाल खोलीला सील लागलं. दाराच्या फटीवर कागदाची पट्टी, तिच्यावर लाख, साक्षीदार म्हणून मामांची सही. निर्णय होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. मी ओरडले, विनवलं, शेवटी रडले. टाकी गळतेय, भर घातली नाही तर सगळे मरतील. तपासनिसांनी शांतपणे आदेश वाचून दाखवला. आदेशात भर घालण्याचा उल्लेख नव्हता. शिवाय भर घालायची तर कोणाच्या पैशातून? खोली आता सरकारच्या ताब्यात, म्हणून देणगीचं काही आत नेता येत नाही. आत भ्रूण, म्हणून सरकारचं काही आत नेता येत नाही. "तुम्ही अर्ज करा," ते म्हणाले. "मी स्वतः वरती शिफारस करतो." आणि त्या भल्या माणसाने खरंच केली. माझा अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. त्या कागदावर ज्यांनी ज्यांनी शेरे मारले त्यातला एकही माणूस दुष्ट नव्हता, आणि हे आठवलं की मला अजून जास्त संताप येतो.

गुरुवारी ठरल्याप्रमाणे इस्पितळाचा माणूस छोटी टाकी घेऊन आला. त्याच्याबरोबर एक बाई होती, हातात मंजुरीचं पत्र. बोळात आली, मामांना बघितलं आणि म्हणाली, "बाबा, अजून आहे का आत?"

तेव्हा मला कळलं.

"आहे," मामा म्हणाले. "गळ्याला पांढरं दिसतंय तोवर आहे."

इस्पितळाचा माणूस तासभर थांबून रिकाम्या हातांनी गेला. ती थांबली. शुक्रवारी आली, शनिवारी आली, रोज यायला लागली. बापलेक काचेपुढे दोन स्टुलांवर बसायचे आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या त्या टाकीच्या गळ्याकडे बघायचे. ती मधेच डब्यातलं काही त्यांच्यापुढे करायची, ते नको म्हणायचे, ती तसंच धरून ठेवायची, मग ते खायचे. फाटकाबाहेरून घोषणा ऐकू यायच्या. सील लागल्याची बातमी बाहेर गेली होती आणि शिक्षिकाबाईंनी म्हणे पेढ्यांऐवजी साखर वाटली, दोनशे चौदा जीव वाचले म्हणून. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं, वाचले नाहीत, मरतायत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी खोटारडी आहे. का बघू नये? सहा वर्षं मी त्यांना आतलं काही सांगितलंच नव्हतं.

सोमवारी पांढरं निम्म्यावर आलं. दाराशी बसवलेला पोलीस वयस्कर होता. पाच दिवस हा प्रकार बघून तो बेजार झाला होता. दुपारी तो उठला, टोपी नीट केली आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी चहाला जातोय. वीस मिनिटं लागतील. जास्तही लागतील." आणि वळूनही न बघता गेला.

हिरव्या खोलीत भरलेले कॅन होते. पंधरा पावलांवर. मी मामांकडे बघितलं. मामा लाखेकडे बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "फाडा ना ते."

"आदेश येईल, पोरी. आज सुटेल म्हणालेत."

"कोण म्हणालंय? बाबा, कागद आहे तो. नुसता कागद आहे."

"माझी सही आहे त्यावर."

ती उठली आणि तिने सीलला हात घातला. मामांनी झटकन तिचं मनगट धरलं. "तुला आत टाकतील," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तुझं नाव त्या फाटकावर लावतील. घरी येतील. नको, पोरी, पाया पडतो तुझ्या." ती सुटायची धडपड करत होती आणि ते सोडत नव्हते. मी तिथेच उभी होते. मी फाडलं असतं तर? मी प्रमुख होते, माझी नोकरी गेली असती, फार तर खटला झाला असता. मी हे सगळं मोजत राहिले आणि वीस मिनिटं झाली. पोलीस परत आला, सील जागेवर बघितलं, आणि त्याने आमच्याकडे बघायचंच टाळलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास टाकीच्या गळ्यावरचं उरलंसुरलं पांढरं वितळलं. पाण्याचे ओघळ खाली आले, जमिनीवर छोटंसं तळं झालं. मामांनी बर्फाच्या कारखान्यात सतरा वर्षं काढली होती. त्यांना सांगायची गरज नव्हती. तिलाही नव्हती. ती उठली, दोन्ही स्टुलं भिंतीला लावून ठेवली आणि गेली. भर घालायला परवानगी देणारा आदेश शनिवारी आला, तीन सह्यांचा.

आता दोन्ही बाजूंना मामा हवे झाले. एक बाजू म्हणे, बघा, ह्या लोकांच्या हाती भ्रूण दिले तर असे मरतात. दुसरी म्हणे, बघा, तुमच्या टिकल्यांनीच मारले. समितीने मामांना साक्षीला बोलावलं. तेवढ्यात कुठूनसं एक निनावी पत्र समितीकडे पोचलं, की टाकीवाल्याचं स्वतःचं कुणीतरी त्यात होतं, म्हणून त्याने नियम मोडला. कुणी लिहिलं ते कधीच कळलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, फळीवर डबे उंचीप्रमाणे लावलेले. मुलगी दाराशी भेटली. आठवडाभर ती रोज येत होती, स्वयंपाक करून ठेवत होती, बापाशी कामापुरतं बोलत होती. मला म्हणाली, "त्यांना एवढं सांगा, माझा विषय काढू नका म्हणावं. नाव आलं तर ते लोक दारात येतील. सगळ्या जगासमोर मला विचारतील, देऊन टाकलेले परत का मागितले. मला नाही जमणार ते. आणि बाबांना खोटं बोलता येत नाही."

आत मामा सदऱ्याला इस्त्री करत होते. मी निरोप सांगितला. म्हटलं, सरळ सांगा, नियमाप्रमाणे दात्याचं नाव घेता येत नाही. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"नाव नाही विचारलं आणि नुसतं हो का नाही विचारलं तर?" ते म्हणाले. मग सदऱ्याची बाही सरळ करत, "बाई, मला एक अजून उलगडत नाही. तिचे नसते तर मी ओतलं असतं का? रोज विचारतो स्वतःला. कळत नाही."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

दालन खचाखच भरलं होतं. मुलगी माझ्या शेजारी मागच्या रांगेत बसली. बापाला घरी न्यायला आलेय एवढंच म्हणाली. मामांनी शपथ घेतली. टाकी, टेम्पो, दोन वाजून सहा मिनिटं, सगळं जसंच्या तसं सांगितलं. "आठ लिटर?" कुणीतरी विचारलं. "साडेसात," मामा म्हणाले. मग समितीतले एक सभासद पुढे वाकले. त्यांच्या हातात ते पत्र होतं. कायदा बदलायच्या विरोधातले, पण माणूस सभ्य.

"मला नाव नको," ते म्हणाले. "हो किंवा नाही एवढंच सांगा. तुमच्या मुलाचं, मुलीचं, कुणाचं काही त्या टाकीत होतं का?"

मामा उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे गेले. मी त्यांची पाठ बघत होते. तुटक्या करंगळीच्या हाताने त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळलं होतं.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "मला मूलबाळ नाही."

"कुणीच नाही?"

"बायको गेली. त्यानंतर कुणी नाही."

सभासदांनी पत्राची घडी घातली. अध्यक्ष म्हणाले, की ज्याने स्वतःविरुद्ध साडेसात लिटरची नोंद केली त्याच्या शब्दावर शंका घ्यायचं कारण दिसत नाही, आणि दालनात लोक थोडे हसले. टंकलेखक खाली मान घालून ते वाक्य उतरवून घेत होता. माझ्या शेजारी तिने पर्समधून औषधाची पट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "एक वाजताची गोळी आहे त्यांची," ती कुजबुजली. "जेवल्यावर द्या. मला आता त्यांच्याबरोबर दिसता येणार नाही." आणि मागच्या दाराने ती निघून गेली.

बाहेर पायऱ्यांवर कॅमेरे होते. मी मामांचा दंड धरून त्यांना उतरवत होते. समोरच्या फुटपाथवर ती एकटी उभी होती, रस्ता ओलांडायला थांबल्यासारखी. मामांना ती दिसली. ते क्षणभर थांबले, मग त्यांनी मान वळवली आणि अनोळखी माणूस बघतो तसं दुसरीकडे बघितलं.